आमची वाहनांची चोपडी

छंदाचे दोन प्रकार आहेत. काही छंद चारचौघांत ताठ मानेने सांगता येतात. काही सांगताना जीभ थोडी अडखळते. पोस्टाची तिकिटे जमविणारा, जुनी नाणी पारखणारा किंवा गडकोट पायाखाली घालणारा मनुष्य समाजात मान पावतो. रायगडाच्या छायेत राहणाऱ्या आम्हां लोकांस तर गड चढणाऱ्यांचे विशेष कौतुक. परंतु ‘मी लोकांच्या मोटारींची वर्णने वहीत उतरवून ठेवतो,’ असे कोणी म्हटले, की ऐकणारा प्रथम त्याच्याकडे आणि नंतर स्वतःच्या मोटारीकडे संशयाने पाहू लागतो!

हा अनुभव माझा स्वतःचा आहे. मी आणि माझे दोन स्नेही सन २०१२ पासून महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील गाड्यांची एक चोपडी ठेवीत आलो आहोत. वाटेल ती गाडी आम्हांस चालत नाही. कारखान्यातून जशी निघाली तशी न राहता येथल्या एखाद्या मेस्त्रीच्या हातून जिचे रूप पालटले, तीच आमच्या कामाची. एकदा पोलादपूरच्या एस.टी. स्थानकाजवळ अशाच एका जीपच्या मागे मी उकिडवा बसून फितीने माप घेत होतो. एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन उभे राहिले.

“गाडी घेताय वाटतं?”

“नाही, आजोबा.”

“मग विमावाले?”

“नाही.”

“पोलिसांतले तर दिसत नाही.” क्षणभर विचार करून ते म्हणाले, “मग हे माप कशासाठी?”

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. मी काही तरी पुटपुटलो आणि ते हसून निघून गेले. शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहून द्या, अशी संपादकांची आज्ञा झाली तेव्हा त्या आजोबांचा प्रश्न आठवला. हा लेख म्हणजे त्यांना उशिरा दिलेले उत्तर होय.

या सर्व उद्योगाचे मूळ माझ्या मामांच्या जीपमध्ये आहे. मामांचे गाव पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. तेथवर एस.टी. जात नसे, आणि पावसाळ्यात तर चिखलामुळे पायी जाणाराही दोनदा विचार करी. मामांनी एका सरकारी खात्याच्या लिलावात निघालेली जुनी महिंद्र जीप विकत घेतली आणि ती पोलादपूरच्या एका मेस्त्रींच्या स्वाधीन केली. दोन महिन्यांनी ती बाहेर आली तेव्हा ओळखू येईना. मागचा भाग दीड हात लांबला होता. आत समोरासमोर दोन बाके आली होती. ओझे पेलावे म्हणून मागच्या कमानीत दोन दोन पाटे वाढविले होते. कापडी हुडाच्या जागी पत्र्याचे छप्पर आले होते, त्यावर सामानासाठी लोखंडी कठडा होता, आणि दोन्ही अंगांस ताडपत्रीचे पडदे होते. पाऊस आला की ते सोडावयाचे, उघडला की गुंडाळून बांधावयाचे. आणि मागल्या बाजूस, जमिनीपासून दीड वीत उंचीवर, एक जादा पायरी होती. ही पायरी कोणत्याही कारखान्याच्या नकाशात नव्हती. ती माझ्या आजीसाठी होती. आजीचे गुडघे धरले होते. तिला जीपच्या मूळ उंचीवर पाय टाकता येत नसे. मेस्त्रींनी तिला गॅरेजात बोलावून आणली, तिचा पाय किती उचलतो ते डोळ्यांनी पाहिले आणि त्या मापाने पायरी बसविली.

त्या जीपने काय वाहिले नाही? शिमग्याला आणि गणपतीला मुंबईहून पहाटेच्या गाडीने उतरणारे चाकरमानी वाहिले. भाताची पोती, आंब्याच्या पेट्या, नवरा-नवरी आणि त्यांचे रुसलेले पाहुणे वाहिले. अडलेल्या दोन बायका मध्यरात्री महाडच्या दवाखान्यात वेळेवर पोहोचल्या त्या याच जीपमुळे. पुढे रस्ता झाला, एस.टी. आली, जीप थकली, आणि एके दिवशी मामांनी ती भंगारवाल्यास देऊन टाकली. त्यानंतर काही वर्षांनी मामाही गेले.

त्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही सारे जमलो होतो. जेवणे झाल्यावर बोलणे जीपवर आले आणि पाहता पाहता वाद पेटला. थोरला मामेभाऊ म्हणाला, तिचा रंग हिरवा होता; धाकटा म्हणाला, खाकी. मागचे दार डावीकडे उघडे की उजवीकडे, यावर कोणाचेच कोणाशी जमेना. मामी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “पायरी लाकडाची होती.” दोन्ही मुलगे एकदम म्हणाले, “छे, आई! लोखंडाची!” शेवटी छायाचित्र शोधण्यात आले. घरात जीपचे एकच छायाचित्र निघाले, आणि त्यात मावसभाऊ मुंडावळ्या बांधून उभा होता. त्याच्या पाठीमागे झेंडूच्या माळेखाली जीपच्या पुढच्या टपाचा हातभर तुकडा दिसत होता. छायाचित्र कृष्णधवल होते.

पंचवीस वर्षे ज्या गाडीने घर चालविले, तिचा रंगदेखील घरातल्या माणसांस निश्चित सांगता येऊ नये, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले. पुढच्या रविवारी मी दोनशे पानांची एक चोपडी विकत आणली.

आता अशा गाड्या या मुलुखात इतक्या का, हे बाहेरच्या वाचकांस थोडे सांगितले पाहिजे. महाड हे सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठचे गाव. पोलादपूर त्याच्या आग्नेयेस, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. तेथून एक वाट आंबेनळीच्या घाटाने प्रतापगडाजवळून महाबळेश्वरास चढते, दुसरी कशेडी ओलांडून खेडकडे उतरते. महाडाहून वरंध घाटाने भोरकडे जाता येते. जिकडे जावे तिकडे चढ, वळण आणि पाऊस! पुण्याच्या किंवा मुंबईच्या कारखान्यात बसून गाडीचा नकाशा काढणाऱ्या इंजिनियरास आमची प्रत्येक वाडी कोठून ठाऊक असणार? तो सरासरीच्या माणसासाठी गाडी करतो. सरासरीचा माणूस कागदावर असतो. वाडीवर असते ती गुडघे धरलेली आजी. या दोहोंमधले अंतर भरून काढण्याचे काम आमचा मेस्त्री करतो.

हीच गोष्ट सहा आसनी रिक्षांची. रायगड जिल्ह्यात जो कोणी राहिला आहे त्याला विक्रम आणि मिनीडोर ही नावे सांगावी लागत नाहीत. विक्रम लखनौच्या कारखान्यातली आणि मिनीडोर पुण्याच्या. परंतु आमच्या चोपडीत एकासारखी दुसरी मिनीडोर क्वचितच सापडते. एकीला पावसाच्या झडीसाठी रेक्झिनची दारे, दुसरीला मासळीच्या टोपल्यांसाठी मागे लोखंडी फळी, तिसरीच्या काचेवर ग्रामदेवतेचे नाव आणि आतल्या छपराला मखमल. विरेश्वराच्या छबिन्याच्या वेळी जत्रेला आलेल्या गाड्यांच्या रांगेतून सावकाश चालत गेले, तर एखाद्या प्रदर्शनातून फिरल्यासारखे वाटते.

अलीकडे तरुण मुलांच्या हौशीच्या गाड्या यांत आल्या. कोणी जुनी जिप्सी उंच करून तिला रुंद टायर चढवितो, कोणी मारुती आठशेला शर्यतीच्या गाडीचा रंग देतो, कोणी आपला सारा पगार दिव्यांत घालतो. वडील मंडळी म्हणतात, हा पैशाचा चुराडा आहे. कित्येकदा ते खरेही असते. परंतु औद्योगिक वसाहतीत आठ तास पाळी करून आलेला मुलगा रात्री दिव्याखाली स्वतःच्या हाताने गाडीचा पत्रा घासून रंगवितो, तेव्हा त्याच्या मनात केवळ दिखाऊपणा असतो असे मला वाटत नाही. दिवसभर तो दुसऱ्याने ठरविलेले काम करतो. ही एकच वस्तू तो आपल्या मनासारखी करू पाहतो.

कोणी विचारील, की सरकारदरबारी प्रत्येक गाडीची नोंद असतेच, मग तुमची चोपडी कशाला? नोंद असते खरी. एम.एच. ०६ या आमच्या जिल्ह्याच्या अक्षरांखाली गाडीची कंपनी, इंजिनाचा अंक, सांगाड्याचा अंक, रंग, आसने, इंधन हे सारे लिहिलेले असते. परंतु ती पायरी कोणी बसविली आणि कोणासाठी बसविली, याला त्या कागदावर रकाना नाही. कारखान्याच्या दप्तरी तर मामांची जीप तिच्यासारख्या हजारो जीपांतली एक. तिचे वेगळेपण जे काही होते ते पोलादपूरच्या गॅरेजात जन्मले आणि भंगारात संपले. शिवाय पंधरा वर्षे झालेल्या खाजगी गाडीची पुन्हा तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील गाड्या तर १ एप्रिल २०२३ पासून मोडीतच काढावयाच्या ठरल्या. धुरासाठी आणि सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे. पण जे जावयाचे आहे ते जाण्यापूर्वी एकदा नीट पाहून घ्यावे, एवढेच आमचे म्हणणे.

वाहनाचा क्षुल्लक वाटणारा तपशील पुढे किती बोलका होतो याचे उदाहरण महाडातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्याच वर्षी डिसेंबरात ते दुसऱ्या परिषदेसाठी पुन्हा महाडास आले. धरमतरच्या वाटेवरील मोटारवाले ऐन वेळी गाड्या नाकारतील अशी शंका होती. म्हणून ते आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, दासगावास उतरले आणि तेथून सुमारे पाच मैल पायी चालत महाडास आले. कोणते वाहन मिळाले, कोणत्याचा भरवसा नव्हता आणि किती चालावे लागले, हे कोणी तरी त्या वेळी टिपून ठेवले. त्या बोटीच्या नावात आणि त्या पाच मैलांत त्या काळाचा चेहरा आज आपणांस दिसतो. आमच्या चोपडीची त्या इतिहासाशी बरोबरी करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु उद्या कोणाला काय उपयोगी पडेल हे आज सांगता येत नाही, हा धडा मात्र मी दासगावच्या रस्त्यावरून घेतला.

हा उद्योग केवळ आम्हीच करतो असेही नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात तरुण मुले जुन्या मोटारी उघड्यानागड्या करून, इंजिने सुधारून, कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट भूमीवर पळवीत. त्यांच्या मंडळांनी १९३७ साली एक संघ स्थापिला. तो घड्याळ लावून प्रत्येक गाडीचा वेग नोंदवू लागला. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिस येथे रॉबर्ट पीटरसन या तरुणाने आपल्या सहकाऱ्यांसह ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकच सुरू केले. लोक त्या मुलांस उनाड समजत. मासिकात त्यांच्या गाड्यांची छायाचित्रे आणि कृती छापून येऊ लागल्या, तेव्हा उनाडपणातली कारागिरी इतरांस दिसू लागली. फिलिपाइन्स देशात दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या जीपा मागे राहिल्या. तेथील कारागिरांनी त्या मागे लांबविल्या, समोरासमोर दोन बाके टाकली, वर छप्पर चढविले आणि ‘जीपनी’ म्हणून रस्त्यावर आणल्या. हे वाचले तेव्हा मी थक्क झालो. मनिलाचा कारागीर आणि पोलादपूरचे मेस्त्री यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण गरज सारखी, जीप सारखी, म्हणून उत्तरही सारखे! मनिलाचे उत्तर जगाला ठाऊक आहे, कारण ते लिहिले गेले. पोलादपूरचे लिहिले गेले नाही.

आपल्या महाराष्ट्रातील एक गोष्टही येथे सांगण्याजोगी आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव जे देवराष्ट्रे, तेथील एका कारागिराने दुचाकीचे इंजिन आणि जुने सुटे भाग जुळवून एक चिमुकली जीप केली. दुचाकीप्रमाणेच ती लाथ मारून सुरू होई. २०२१ च्या अखेरीस तिची कीर्ती देशभर झाली, आणि महिंद्र कंपनीच्या प्रमुखांनी तिच्या बदल्यात त्या कुटुंबास नवी बोलेरो दिली. त्यांनी त्याच वेळी हेही सांगितले, की अशी गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही. या एका घटनेत आमच्या विषयाची दोन्ही अंगे आली. कारागिरी वंदनीय, परंतु वंदनीय वस्तू रस्त्यावर सुरक्षित असतेच असे नाही.

हे दुसरे अंग मला शिकावे लागले ते कटू अनुभवाने, आणि तो सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आमच्या ओळखीच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने आपली जुनी मोटार खाली बसविली होती. त्यासाठी त्याने स्प्रिंगा कापल्या होत्या आणि मूळ मापापेक्षा रुंद टायर घातले होते. गाडी दिसावयास फार देखणी झाली होती. कशेडीच्या जुन्या वाटेवर, उन्हे कलताना, आम्ही तिची सहा छायाचित्रे काढली आणि चोपडीत एक पानभर कौतुक लिहिले. मुलगा ते पान सर्वांस दाखवीत फिरला. त्याच पावसाळ्यात आंबेनळीच्या घाटात उतरताना एका वळणावर त्याचे पुढचे टायर फुटले आणि गाडी कठड्यावर आदळली. दैवाने जीव वाचला. पण मांडीचे हाड मोडले आणि पाच महिने तो अंथरुणावर होता.

आम्ही त्याला भेटावयास गेलो. त्याची आई पाणी घेऊन आली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने एवढेच विचारले, “इतके फोटो काढलेत तुम्ही. चाक घासतंय ते एकालाही दिसलं नाही का हो?”

घरी येऊन मी ती छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली. तिसऱ्या छायाचित्रात चाकावरच्या पत्र्याच्या आतल्या कडेला घासल्याचा काळा, चकचकीत चंद्रकोरीसारखा पट्टा स्पष्ट दिसत होता. आमच्या नोंदीत सत्य होते. आमच्या नजरेला तेवढे ते दिसले नव्हते.

त्या दिवसापासून चोपडीत एक नवा रकाना आला. त्याचे नाव ‘धोका’. मामांच्या जीपसंबंधी लिहितानासुद्धा आता मी तो सोडीत नाही. मागचा भाग लांबविला की ओझे मागच्या चाकांच्याही मागे जाते. चढावर पुढची चाके हलकी होतात आणि गाडी सुकाणू ऐकत नाही. पाटे वाढविले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापून निकामी होतो; म्हणूनच जुने चालक सांगत, की ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. कायद्याचेही हेच सांगणे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही, आणि केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. विद्यार्थी मित्रांनी ही ओळ विसरू नये. मोठेपणी गाडी रंगवा, सजवा, निगुतीने राखा. पण ब्रेक, स्प्रिंगा, टायर आणि सांगाडा यांच्याशी हौसेचा खेळ नको. आणि आम्हां नोंद ठेवणाऱ्यांनी तर स्तुतिपाठक होऊ नये, साक्षीदार व्हावे.

चोपडीची पुढची कथा महाडच्या पुराशी जोडलेली आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि चढतच गेले. आमचे घर तळमजल्यावर. माणसे वरच्या मजल्यावर गेली, देव गेले, तांदळाचा डबा गेला. चोपडी कपाटात राहिली. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तेव्हा आत चिखलाचा एक जाड ठोकळा होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना चिखलाने भरलेल्या मोटारी तिरक्या-वाकड्या पडल्या होत्या. त्यांतल्या कित्येक आम्ही मोजलेल्या. परंतु त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली होती. त्या दुःखापुढे एका चोपडीसाठी हळहळणे मला लाजिरवाणे वाटले. मी कोणापाशी त्याचा उच्चार केला नाही.

पुढे दीड वर्षाने एक तरुण माझ्या दारी आला. ज्या मेस्त्रींनी मामांची जीप लांबविली होती, त्यांचा तो धाकटा मुलगा. मेस्त्री नुकतेच आजाराने वारले होते. पुरात त्यांच्या घरातले सारे कागद आणि छायाचित्रे गेली होती. तो म्हणाला, “काका, तुम्ही बाबांच्या गॅरेजात येऊन फोटो काढत होतात. त्यांचा एखादा फोटो असेल का?”

सुदैवाने आमच्या पोलादपूरच्या स्नेह्याकडे काही प्रती होत्या. त्याचे घर उंचावर आहे. आम्ही तिघांनी बसून त्या पालथ्या घातल्या. त्या गॅरेजातील ३८ छायाचित्रे निघाली. गाड्या पुढून होत्या, मागून होत्या, खालून होत्या. पाटे होते, बाके होती, कठडे होते. मेस्त्री कोठेही नव्हते. आम्ही दर वेळी त्यांस म्हणत असू, “मेस्त्री, जरा बाजूला व्हा, सावली पडते.” आणि ते बिचारे बाजूला होत असत!

एका छायाचित्रात मात्र, गाडीच्या पोटाखाली अंधार होता म्हणून, त्यांनी आमच्यासाठी दिवा धरला होता. दिवा धरलेला हात कोपरापर्यंत आला होता. मुलाने ते छायाचित्र पुष्कळ वेळ पाहिले. “हात बाबांचाच,” तो म्हणाला. “अंगठ्याचं नख बघा. घण बसला होता.” त्याने त्याची प्रत मागितली आणि शर्टाच्या आतल्या खिशात घालून तो गेला.

त्या रात्री मला झोप आली नाही. मामांच्या घरी माणसांचे छायाचित्र होते आणि जीप नव्हती, म्हणून मी चोपडी सुरू केली. आणि दहा वर्षांनी माझ्याच चोपडीत गाड्या होत्या आणि माणूस नव्हता. शाळेत असताना प्रार्थनेच्या वेळी ऐकलेली नोहाच्या तारवाची कथा आठवली. उत्पत्तीच्या पुस्तकात त्या तारवाचे माप दिले आहे: लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात, गोफेर लाकूड, आतून-बाहेरून डांबर, तीन मजले आणि बाजूस एक दार. लहानपणी मला हे माप कंटाळवाणे वाटे. आता वाटते, की लिहिणाराने पुरानंतरही टिकेल अशी नोंद केली आणि तीत माप जसे ठेवले, तसे करणाराचे नावही ठेवले. आम्ही माप तेवढे घेतले होते.

हल्ली चोपडी नव्याने लिहितो. तिच्या दोन प्रती असतात, आणि त्यांतली एक उंचावरच्या घरी. प्रत्येक गाडीला सहा रकाने आहेत: मूळ गाडी कोणती, काय बदलले, कोणी बदलले, कोणासाठी व का, धोका कोणता, आणि शेवटी तिचे काय झाले. पहिले छायाचित्र मेस्त्रींचे, त्यांच्या हत्यारांसह, गाडी त्यानंतर. कोणाचा नोंदणी-अंक किंवा पत्ता आम्ही बाहेर दाखवीत नाही, कारण दुसऱ्याने विश्वासाने दाखविलेली वस्तू ही ठेव असते. पहिल्या पानावर, आठवणीवरून काढलेल्या चित्राखाली, मामांची जीप आहे. तेथे लिहिले आहे: ‘जादा पायरी. आजीसाठी. लाकडी की लोखंडी, घरात मतभेद.’

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही गाड्यांचीच चोपडी ठेवावी असा माझा आग्रह नाही. तुमच्या आळीत कोणी कुंभार असेल, कोणी होडी बांधणारा असेल, कोणाची आजी जात्याला खुंटा बसविण्याची एखादी निराळीच रीत जाणत असेल. सुट्टीत एक वही घ्या आणि त्यांच्यापाशी जाऊन बसा. वस्तू कशी केली ते लिहा, चुकली कोठे ते लिहा, आणि करणाराचे नाव वर, ठळक अक्षरांत लिहा. पालकांनाही एक विनंती. मूल असल्या ‘निरुपयोगी’ उद्योगात गढलेले दिसले तर त्याला एकदम उठवू नका; जमल्यास त्याच्यासाठी थोडा वेळ दिवा धरा.

आणि पोलादपूरच्या स्थानकावरचे ते आजोबा मला पुन्हा भेटले, तर मी त्यांना सांगेन, “आजोबा, माप गाडीचे घेत होतो; पण ती ज्याने केली आणि जिच्यासाठी केली, त्यांचा विसर पडू नये म्हणून.” ते बहुधा याही वेळी हसतील. हसोत बापडे! मी त्यांस विचारीन, की तुमच्या तरुणपणी गावात पहिली मोटार कोणाची आली, आणि तिला कोणी काय बदलले. आणि ते बोलू लागताच चोपडी उघडीन.